ज्युरीत कोण बसतं आणि कोण दाराबाहेरच राहतं

हार्टफर्ड ही अमेरिकेतल्या कनेटिकट राज्याची राजधानी. तिथल्या केंद्रीय न्यायालयाच्या संगणकाच्या लेखी काही काळ हे अख्खं शहर मेलेलं होतं. ज्युरीसाठी नावं काढायच्या यादीत गावाच्या नावाचा रकाना एका अक्षराने तोकडा पडला होता. हार्टफर्डच्या इंग्रजी स्पेलिंगमधलं शेवटचं ‘डी’ शेजारच्या रकान्यात सांडलं आणि त्या रकान्यात ‘डी’ म्हणजे ‘मयत’. मयताला समन्स कोण पाठवणार? हार्टफर्डमधल्या कुणालाच ज्युरीचं बोलावणं गेलं नाही. जवळच्या न्यू ब्रिटन शहराची नावं तर यादीपर्यंत पोचलीच नव्हती. त्या न्यायालयाच्या हद्दीतले बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो लोक नेमके या दोन शहरांत राहत. १९९२ साली हे उघडकीला आलं तेव्हा कुणी कट केल्याचं काही दिसलं नाही. तरीही न्यायालयाने सांगितलं की ही निवड कायद्यात बसत नाही.

ज्युरी म्हटलं की डोळ्यांपुढे येते ती बंद खोली, लांब टेबल आणि भांडणारी बारा माणसं. त्या खोलीत काय होतं यावर पुष्कळ बोललं जातं. पण ही बारा माणसं तिथवर पोचतात कशी, हा मला त्याहून महत्त्वाचा प्रश्न वाटतो. कारण ज्युरी रंगहीन, लिंगहीन, निःपक्ष वगैरे असायला हवी हे सगळेच मान्य करतात. गळती होते ती त्याआधीच्या चाळण्यांमध्ये, जिथे कुणाचं फारसं लक्ष नसतं.

आधी ओळख. ज्या देशांत ज्युरी आहे तिथे गंभीर फौजदारी खटल्यात काम वाटलेलं असतं. कायदा काय म्हणतो हे न्यायाधीश सांगतात, आणि आरोपीने गुन्हा केला की नाही हे सामान्य नागरिक ठरवतात. हे नागरिक ना परीक्षा देऊन येतात, ना निवडणूक लढवून. कुठल्यातरी सरकारी यादीतून चिठ्ठ्या काढाव्यात तशी नावं निघतात, त्यांना प्रश्नावली किंवा समन्स जातं, अपात्र आणि सूट मागणारे गळतात, उरलेले न्यायालयात हजर होतात, तिथे त्यांची विचारपूस होते, वकील काही नावं खोडतात आणि शेवटी उरतात ते ज्युरर.

पात्रतेचे नियम वाचले तर त्यांत खटकण्यासारखं काही दिसत नाही. अमेरिकेच्या केंद्रीय न्यायालयांचा १९६८चा कायदा पाहा. वय १८ पूर्ण हवं, अमेरिकेचं नागरिकत्व हवं, त्या न्यायालयाच्या हद्दीत किमान एक वर्ष राहिलेलं असावं, प्रश्नावली भरण्याइतकं इंग्रजी लिहिता-वाचता यावं आणि बोलता यावं, काम करता येऊ नये असा आजार नसावा. शिवाय वर्षाहून अधिक कैद होऊ शकेल अशा गुन्ह्याचा खटला डोक्यावर नसावा, आणि तशा गुन्ह्यात दोषी ठरून नागरी हक्क गेले असतील तर ते परत मिळालेले असावेत. सैन्यात हजर असलेले, पोलीस आणि अग्निशमन दलातले लोक आणि पूर्णवेळ सरकारी पदाधिकारी यांना ज्युरीत घेतच नाहीत.

इंग्लंडमध्ये नियम थोडे निराळे. तिथे वय १८ ते ७५, मतदार यादीत नाव, आणि वयाच्या तेराव्या वर्षानंतर कधीतरी सलग पाच वर्षं ब्रिटनमध्ये वास्तव्य. गंमत अशी की तिथे ब्रिटिश नागरिकत्वाची अट नाही. राष्ट्रकुलातल्या देशांचे तिथे राहणारे लोक मतदार असतात, त्यामुळे भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसालाही समन्स येऊ शकतं. आणि २००४पासून तिथे पोलीस, वकील, अगदी न्यायाधीशसुद्धा ज्युरर म्हणून बसू शकतात. अमेरिकेत पोलिसाला केंद्रीय कायदा दारातूनच परत पाठवतो. एकाच कल्पनेची दोन भावंडं, पण कुणावर विश्वास ठेवायचा याबद्दल त्यांचं एकमत नाही.

आता हेच निरुपद्रवी नियम प्रत्यक्ष माणसांवर लावून बघू.

नावं येतात कुठून? बऱ्याच ठिकाणी मतदार यादीतून. म्हणजे ज्याने मतदार म्हणून नोंदणी केली नाही तो ज्युरीतूनही बाद. तरुण, भाड्याच्या घरात राहणारे, वारंवार जागा बदलणारे आणि गरीब लोक या यादीत कमी सापडतात. म्हणून न्यू यॉर्क राज्य मतदारांच्या जोडीला वाहन परवानाधारक, करदाते, बेरोजगार भत्ता घेणारे आणि सरकारी मदत घेणारे अशा याद्या एकत्र करतं. जाळं जितकं रुंद तितके मासे विविध. पण पुढे समन्स जुन्या पत्त्यावर गेलं तर? घर बदललेल्या भाडेकरूच्या नावाचं पाकीट परत येतं आणि कारकून पुढचं नाव घेतो. हेतू कुणाचाच वाईट नाही, पण घर न बदलणाऱ्यांचं पारडं आपोआप जड होतं.

भाषेच्या अटीचं उदाहरण प्वेर्तो रिकोचं, म्हणजे अमेरिकेच्या अखत्यारीतल्या एका बेटाचं. तिथल्या लोकांची रोजची भाषा स्पॅनिश, आणि तिथल्या स्थानिक न्यायालयांचा कारभारही स्पॅनिशमध्ये. पण त्याच बेटावरच्या केंद्रीय न्यायालयाचं काम इंग्रजीत चालतं, आणि ज्युररला इंग्रजी यायलाच हवं. साहजिकच तिथल्या प्रौढांपैकी मोठा हिस्सा स्वतःच्याच गावात चाललेल्या खटल्याच्या ज्युरीसाठी अपात्र ठरतो. अट समजण्यासारखी आहे, कारण साक्ष कळली नाही तर निकाल कसा देणार? पण तिची किंमत कोण मोजतं हेही उघड आहे.

गुन्ह्याची नोंद असलेल्यांचंही तसंच. इंग्लंडमध्ये पाच वर्षं किंवा जास्त कैदेची शिक्षा झालेला माणूस जन्मभरासाठी अपात्र. त्याहून कमी शिक्षा असेल तर साधारण दहा वर्षांसाठी. अमेरिकेत राज्याराज्यांत फरक आहे. मेन राज्यात अशी बंदीच नाही. कॅलिफोर्नियाने २०२०पासून शिक्षा भोगून सुटलेल्या बऱ्याच लोकांना ज्युरीत बसायला परवानगी दिली. बंदीच्या बाजूने म्हणतात की अशा माणसाचा सरकारी वकिलांवर राग असणार. असेलही. पण चोरी झालेल्या घराच्या मालकाचा चोरांवर राग असतोच की, आणि त्याला आपण सरसकट अपात्र ठरवत नाही, समोर बसवून विचारतो. अमेरिकेत कृष्णवर्णीयांना तुरुंगवास होण्याचं प्रमाण लोकसंख्येच्या मानाने फार जास्त असल्यामुळे ही एक अट वंशाचं नाव न घेता वंशाचं काम करते.

आणि पैसा. अमेरिकेच्या केंद्रीय न्यायालयात ज्युररला दिवसाला ५० डॉलर मिळतात. बऱ्याच राज्यांत त्याहून कमी. पगारी नोकरीवाल्याचं एक वेळ भागतं. रोजंदारीवर काम करणारा, लहान मुलं सांभाळणारी एकटी आई, टॅक्सी चालवणारा यांना तीन आठवड्यांचा खटला परवडत नाही. ते न्यायाधीशांकडे सूट मागतात, आणि न्यायाधीश माणुसकीने ती देतात. अशा माणुसकीतून ज्युरी मध्यमवर्गीय होत जाते. सॅन फ्रान्सिस्कोने २०२२ साली कमी उत्पन्नाच्या ज्युररना फौजदारी खटल्यांत दिवसाला १०० डॉलर देण्याचा प्रयोग सुरू केला, तो याच कारणाने.

इथवर सांगितलं ते सगळं नकळत होणारं. इतिहासात मात्र बरंचसं कळून-सवरून केलेलं आहे. वेस्ट व्हर्जिनियाच्या कायद्यातच लिहिलं होतं की ज्युरर गोरा पुरुष हवा. १८८० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. त्याच निकालात त्यांनी असंही म्हणून ठेवलं की राज्याला ज्युरी पुरुषांपुरती, जमीनमालकांपुरती किंवा शिकलेल्यांपुरती ठेवायची असेल तर हरकत नाही! लिखित बंदी गेली तशी अलिखित आली. जॉर्जिया राज्यात गोऱ्यांची नावं पांढऱ्या चिठ्ठ्यांवर आणि कृष्णवर्णीयांची पिवळ्या चिठ्ठ्यांवर लिहून एकाच पेटीत टाकत. न्यायाधीशाने पेटीत हात घालून साठेक नावं काढली, त्यांत पिवळी एकही नव्हती. १९५३ साली सर्वोच्च न्यायालयाने विचारलं ते साधंच होतं: चिठ्ठ्या जर न बघता काढायच्या तर रंग दोन कशाला?

त्याच्या पुढच्याच वर्षीचं टेक्ससमधलं प्रकरण मला याहून बोलकं वाटतं. जॅक्सन काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) १४ टक्के लोक मेक्सिकन किंवा लॅटिन आडनावांचे, पण २५ वर्षांत त्यांच्यातला एकही ज्युरीत बसल्याची नोंद नाही. राज्याचं म्हणणं, मेक्सिकन लोक गोऱ्यांतच मोजले जातात, मग भेदभाव कसला? बचावाच्या वकिलांनी खटला चालला त्याच न्यायालयाच्या इमारतीतल्या पुरुषांच्या स्वच्छतागृहांकडे बोट दाखवलं. दोन होती. एकावर पाटी नव्हती. दुसऱ्यावर कृष्णवर्णीय पुरुषांसाठी असं इंग्रजीत, आणि त्याच्याखाली ‘पुरुष इथे’ असं स्पॅनिशमध्ये लिहिलेलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने निकाल आरोपीच्या बाजूने दिला.

स्त्रियांची गोष्ट वेगळ्या वळणाने गेली, कारण त्यांना वगळलं ते आदराच्या नावाखाली. फ्लॉरिडात स्त्रीला ज्युरीत बसायचं असेल तर तिने स्वतः न्यायालयात जाऊन नाव नोंदवायचं. पुरुषाचं नाव आपोआप यादीत. नवऱ्याच्या खुनाच्या आरोपावरून एका बाईवर तिथे खटला चालला. त्या वेळच्या १०,००० नावांच्या यादीत स्त्रिया होत्या १०. निकाल दिला तो फक्त पुरुषांनी. १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने हे चालवून घेतलं. स्त्री ही घरसंसाराचं केंद्र आहे, तिला आपल्या सोयीने ठरवू द्यावं, असा त्यांचा युक्तिवाद. निकालावर सगळ्या न्यायमूर्तींचं एकमत होतं.

चौदा वर्षांनी लुइझियानातल्या तशाच नियमावर पुन्हा प्रश्न आला, तो एका पुरुष आरोपीने विचारलेला. तिथल्या पात्र लोकांत स्त्रिया ५३ टक्के, आणि त्याच्या खटल्याच्या आठवड्याला बोलावलेल्या १७५ जणांत एकही बाई नाही. तू स्वतः पुरुष, तुझं काय बिघडलं, असं कुणीही म्हटलं असतं. १९७५ साली न्यायालयाने उलटं म्हटलं. समाजाच्या सगळ्या थरांतून ज्युरी निवडली जाण्याचा हक्क प्रत्येक आरोपीचा आहे, वगळलेल्या गटातलाच आरोपी असायला हवा असं नाही. शितावरून भाताची परीक्षा करायची तर शितं पातेल्याच्या एकाच कडेची घेऊन चालत नाहीत, मग परीक्षा कुणाचीही असो.

इथेच बऱ्याच लोकांचा गोंधळ होतो, म्हणून जरा थांबून सांगतो. या हक्काचा अर्थ असा नाही की बारा जणांच्या ज्युरीत समाजातल्या प्रत्येक गटाला प्रमाणात जागा मिळेल. आरोपीला आपल्या वंशाचा, आपल्या धर्माचा एक तरी ज्युरर मागण्याचा हक्क नाही. इंग्लंडच्या न्यायालयांनीही १९८९ साली असंच म्हटलं. हक्क आहे तो ज्या मोठ्या गटातून बारा जण निघतात तो गट भरताना कुणाला पद्धतशीर बाहेर ठेवलं जाऊ नये, एवढाच. नाणं दहादा उडवलं आणि दहाही वेळा छापा आला तर ते नशीब. पण नाण्याच्या दोन्ही बाजूंना छापाच असेल तर तक्रार करता येते.

ती तक्रार सिद्ध कशी करायची हे अमेरिकेत १९७९ साली ठरलं, मिझुरी राज्यातल्या खटल्यात. आरोपीच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयात उभ्या राहिलेल्या वकिलांपैकी एक होत्या रूथ बेडर गिन्सबर्ग, पुढे त्याच न्यायालयाच्या न्यायमूर्ती झालेल्या. मिझुरीत बाईने नुसतं ‘नको’ म्हटलं तरी सूट मिळे, समन्सला उत्तर न देता घरी बसली तरी ती ‘नको’ म्हणाली असं धरत. काउंटीत स्त्रिया ५४ टक्के आणि ज्युरीसाठी हजर होणाऱ्यांत १५ टक्क्यांहूनही कमी. न्यायालयाने तीन गोष्टी दाखवायला सांगितल्या. वगळलेला गट समाजात वेगळा ओळखू येणारा आहे. त्याची संख्या लोकसंख्येच्या मानाने वाजवी नाही. आणि ही तूट निवडीच्या पद्धतीतूनच आली आहे.

पहिली पायरी सोपी. दुसरीत आकड्यांचा खेळ सुरू होतो. मिशिगनच्या केंट काउंटीत कृष्णवर्णीय प्रौढ ७.२८ टक्के होते आणि ज्युरीच्या गटांत सरासरी ६ टक्के. वजाबाकी केली तर फरक सव्वा टक्क्याच्या आसपास, म्हणजे शंभरात जेमतेम एक माणूस. पण जितके यायला हवे होते त्याच्याशी तुलना केली तर जवळजवळ १८ टक्के गायब. दोन्ही गणितं बरोबर आहेत. वजाबाकीवाल्या मोजणीत छोट्या गटावर अन्याय झालेला जवळपास कधीच दिसत नाही, कारण जो गट मुळात ५ टक्के आहे तो पूर्ण पुसला तरी फरक पाचच टक्के. सरकारी पक्षाला ती मोजणी का आवडते हे सांगायला नको.

आणि तिसरी पायरी तर सगळ्यात निसरडी. केंटच्या त्या खटल्यात आरोपी कृष्णवर्णीय, ज्युरी सगळी गोरी. सूट देण्याची पद्धत, परत आलेली पाकिटं, आधी खालच्या न्यायालयांना ज्युरर वाटून देण्याची रीत, अशी पुष्कळ कारणं त्याच्या वकिलांनी मांडली. २०१० साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं, कारणांची यादी देऊन भागत नाही. तूट नेमकी यातूनच आली हे दाखवा. पण हार्टफर्डसारखं एखादं चुकलेलं अक्षर सापडत नाही तोवर दाखवणार कसं? गरिबी, घरबदल, जुने पत्ते ही कारणं कुणा एकाची नसतात, म्हणून ती कुणाचीच ठरत नाहीत.

कॅनडातही हाच पेच. ऑन्टॅरिओत आदिवासी वस्त्यांतून ज्युरीच्या याद्या बनवताना वर्षानुवर्षांच्या जुन्या याद्या वापरल्या गेल्या, समन्सला उत्तरं फार थोडी आली. २०१५ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने म्हटलं की सरकारने नावं गोळा करण्याचे आणि समन्स पोचवण्याचे वाजवी प्रयत्न केले म्हणजे झालं. लोक का येत नाहीत त्यामागचा इतिहास दुरुस्त करणं हे ज्युरीच्या यादीचं काम नाही. मला हा निकाल पटत नाही. ज्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या न्यायालयाकडून फक्त शिक्षा पाहिली, त्यांनी पाकीट न उघडण्याला निव्वळ ‘प्रतिसाद नाही’ म्हणणं फार सोयीचं आहे.

शेवटची चाळणी वकिलांच्या हातात असते. ज्युरर आरोपीच्या नात्यातला निघाला, किंवा पूर्वग्रह उघड दिसला, तर कारण सांगून नाव काढता येतं. त्याखेरीज अमेरिकेत दोन्ही बाजूंना काही नावं कारण न सांगता खोडता येतात. वंशावरून खोडायचं नाही, असं १९८६ साली ठरलं. १९९४ साली त्यात लिंगही आलं. समोरच्याने हरकत घेतली तर वकिलाने तटस्थ कारण द्यायचं आणि ते खरं की बनावट हे न्यायाधीशाने ठरवायचं. कारण कसलंही चालतं. लांब केस आणि दाढी-मिशा या कारणावरून खोडलेलं नाव १९९५ साली सर्वोच्च न्यायालयात टिकलं. जॉर्जियातल्या एका खटल्याच्या सरकारी फायली बऱ्याच वर्षांनी बाहेर आल्या, तेव्हा कृष्णवर्णीय ज्युररची नावं हिरव्या रंगाने ठळक केलेली सापडली. मिसिसिपीत एकाच आरोपीवर सहा वेळा खटला चालला आणि सरकारी वकिलाने त्यांत मिळून ४२पैकी ४१ कृष्णवर्णीय नावं खोडली. २०१९ साली ती शिक्षा रद्द झाली.

मग हा हक्कच काढून टाकावा? इंग्लंडने १९८८ साली काढला, कॅनडाने २०१९ साली, ॲरिझोनाने २०२२च्या सुरुवातीपासून. पण कॅनडात याला विरोध करणाऱ्यांत अल्पसंख्याक आरोपींचे वकीलही होते. समोर बसलेला माणूस आपल्याकडे कसा बघतो हे आरोपीला कळतं, पण ते कारण म्हणून कागदावर मांडता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. यात तथ्य आहे.

या सगळ्याने निकाल बदलतो का? फ्लॉरिडातल्या दोन काउंट्यांच्या दहा वर्षांच्या खटल्यांचा एक अभ्यास २०१२ साली आला. बोलावलेल्या गटात एकही कृष्णवर्णीय नसेल तेव्हा कृष्णवर्णीय आरोपी ८१ टक्के वेळा दोषी ठरत, गोरे ६६ टक्के वेळा. गटात एक जरी कृष्णवर्णीय असला तरी ही दरी जवळजवळ मिटत होती, मग तो प्रत्यक्ष ज्युरीत बसो न बसो. उलट इंग्लंडमध्ये ज्युरींच्या अभ्यासक शेरिल थॉमस यांच्या २०१०च्या अभ्यासात सगळ्या गोऱ्या ज्युरींनी अल्पसंख्याक आरोपींशी दुजाभाव केल्याचं आढळलं नाही. म्हणजे एका देशाचं उत्तर दुसऱ्याला लावताना जपून.

यादी तपासायची असेल तर अमेरिकेच्या केंद्रीय न्यायालयांत आरोपीच्या हातात एक चांगलं हत्यार आहे. ज्युरी निवडीच्या नोंदी पाहण्याचा त्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली जवळपास बिनशर्त मानला आहे. आधी भेदभाव दाखवा, मग याद्या देतो, असं कारकुनाला म्हणता येत नाही. हार्टफर्डचं ते ‘डी’ सापडलं, तेही आरोपीच्या वकिलांनी यादी बनते कशी हे विचारायचं ठरवल्यामुळेच.